बर्फीचं तिकीट नंतर, आधी चिप

नमस्कार डॉक्टर,
आम्ही नाशिकला राहतो. माझ्या नवऱ्याला कंपनी तीन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टला पाठवतेय. १ ऑगस्टला हजर व्हायचंय. मी आणि आमचा आठ वर्षांचा मुलगाही सोबतच जाणार आहोत. अडलंय ते बर्फीपाशी. ती सहा वर्षांची पॉमेरियन आहे, वजन साडेपाच किलो. रेबीजची लस दरवर्षी देतो, शेवटची मार्चमध्ये दिली. चिप मात्र कधी बसवली नाही. एक एजंट म्हणतो, ‘दोन महिन्यांत सगळं करून देतो, टायटरची भानगड नको.’ अर्धे पैसे आगाऊ मागतोय. बर्फीला विमानात आमच्याजवळ ठेवता येईल का? झोपेचं औषध द्यावं का? सासूबाई म्हणतात, कशाला त्या मुक्या जिवाला त्रास, राहू दे माझ्याकडे. हे ऐकल्यापासून मुलगा त्यांच्याशी बोलत नाहीये. काय करू?
– एक वाचक, नाशिक

ताई, तुमच्या पत्रावर जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे, म्हणून नको असलेलं उत्तर आधी देऊन टाकते. १ ऑगस्टला बर्फी तुमच्याबरोबर जर्मनीला जाऊ शकत नाही. पैसे ओतले, ओळखी काढल्या तरी नाही. ऑक्टोबरात मात्र ती आरामात जाईल, आणि तीही सामानाच्या कप्प्यातून नव्हे, तुमच्या पायाशी बसून.

कुत्रा परदेशी न्यायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा विमान कंपनीला फोन लावतात. विमानाचं ते शेवटी बघायचं असतं. खरा हिशेब सुरू होतो तो बर्फीच्या रक्ताचा नमुना कुठल्या तारखेला घेतला तिथून.

युरोपियन संघाने जगातल्या देशांच्या याद्या केल्या आहेत. रेबीजच्या बाबतीत ज्या देशांवर त्यांचा भरवसा आहे, तिथला कुत्रा चिप आणि लस एवढ्यावर आत जातो. भारत त्या यादीत नाही, आणि आपल्या गल्लीबोळातली परिस्थिती बघता त्यांना दोष देता येत नाही. जर्मनीत कोल्ह्या-कुत्र्यांमधला रेबीज २००८ पासून संपलेला आहे. जंगलात लसीची आमिषं टाकून त्यांनी तो वर्षानुवर्षं चिकाटीने संपवला. त्यामुळे आपल्याकडच्या कुत्र्याला एक जादा परीक्षा द्यावी लागते: लसीमुळे त्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, ते मोजून दाखवायचं. हीच ती टायटर टेस्ट, जिला तुमचा एजंट भानगड म्हणतो.

आता क्रम बघा, कारण गाडी अडते ती क्रमातच. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायचा ओळखीच्या नंबरचा बारीक दाणा. ती आयएसओ मानकाची, पंधरा अंकी नंबरची हवी. त्यानंतर रेबीजची लस. चिप बसवण्याआधी दिलेली लस युरोपच्या हिशेबात नसल्यासारखीच, मग ती दरवर्षी कितीही नेमाने दिलेली असो. त्यांचं म्हणणं सरळ आहे: चिप नव्हती तेव्हा लस याच कुत्र्याला दिली, हे कशावरून? म्हणजे बर्फीची मार्चमधली लस तिच्या अंगात काम करतेय, पण कागदावर तिला किंमत शून्य. चिप बसवून नवी लस घ्यावी लागेल. एकाच दिवशी दोन्ही झालं तर चालतं, फक्त आधी चिप आणि मग सुई. मार्चनंतर इतक्या लवकर पुन्हा लस दिली तर काही होईल का, ही शंका माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे विचारतात. धडधाकट कुत्र्याला त्याने काही होत नाही.

लस दिल्यापासून किमान ३० दिवस गेल्यावर रक्त घ्यायचं. हा नमुना युरोपियन आयोगाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल, कितीही चकचकीत असला तरी, उपयोगाचा नाही. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त यायला हवं. सहा वर्षं नियमित लस घेतलेल्या कुत्रीला हे जड जात नाही. नापास होतात ती बहुतेक आयुष्यात पहिलीच लस घेतलेली पिल्लं.

आणि आता सगळ्यात लांबचा टप्पा. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. अहवाल पंधरा दिवसांत हातात आला तरी तीन महिने हलत नाहीत. दुसरीकडे, अहवाल यायला महिना लागला तरी मोजणी रक्ताच्या तारखेपासूनच होते, हा त्यातला दिलासा. थांबायचं कशाला? रेबीजचे विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. रक्त घेण्याआधीच एखाद्या कुत्र्याला लागण झालेली असेल, तर ती या काळात बहुधा उघडी पडते.

तुमच्या तारखा मांडू. १२ जूनला चिप आणि लस. रक्त १२ जुलैनंतर कधीही, पण मी १४ किंवा १५ जुलै धरेन. ‘तिसावा दिवस’ मोजताना एका दिवसाची चूक झाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यापेक्षा दोन दिवस जास्त गेलेले बरे. तिथून तीन महिने म्हणजे १५ ऑक्टोबर. त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी बर्फी जर्मनीच्या विमानतळावर उतरू शकते.

रक्त घ्यायला जाल तेव्हा एक गोष्ट तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा आणि स्क्रीनवर आलेले पंधराच्या पंधरा अंक हातातल्या फॉर्मशी ताडून बघा. मी लसीच्या पुस्तकात चिप नंबरचे शेवटचे दोन अंक उलटसुलट लिहिलेले पाहिले आहेत, नमुन्याच्या बाटलीवर कुत्र्याऐवजी मालकाचंच नाव पाहिलं आहे, जुनी लस नव्या स्टिकरखाली झाकलेली पाहिली आहे. फ्रँकफर्टला कागद तपासणाऱ्या माणसाला बर्फी किती गोड आहे याच्याशी देणंघेणं नसतं. स्कॅनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, एवढंच तो बघतो. म्हणून चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर फेकू नका. मिळेल त्या कागदावर हाताने नंबर लिहिण्याऐवजी स्टिकरच डकवायला सांगा.

दुसरी बारीक गोष्ट आमच्या बाजूची आहे, पण तुम्हाला माहीत असलेली बरी. पाठवायचं असतं ते सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. रक्त घेताना धसमुसळेपणा झाला की तांबड्या पेशी फुटतात, सिरम गुलाबी होतं आणि प्रयोगशाळा तो नमुना नाकारू शकते. बर्फीसारख्या केसाळ, बारीक शिरांच्या कुत्रीला धरणारा माणूस शांत हवा. मुलाला त्या दिवशी बाहेर बसवा.

आता त्या एजंटबद्दल. चांगले एजंट असतात, कागदपत्रांची धावपळ करतात, त्यांची फी वाजवी असते. पण ‘टायटरशिवाय करून देतो’ म्हणणारा माणूस दोनच गोष्टी करू शकतो: मागची तारीख टाकलेले कागद बनवेल, नाहीतर तुमचे आगाऊ पैसे घेऊन जुलैअखेर फोन उचलायचा बंद होईल. पहिली जास्त वाईट. कागद खोटे किंवा अपुरे निघाले तर युरोपच्या नियमात तीन वाटा आहेत: कुत्रा आला तिथे परत पाठवायचा, नाहीतर अटी पूर्ण होईपर्यंत मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवायचा, आणि या दोन्ही गोष्टी शक्यच नसतील तर त्याला कायमचं झोपवायचं. तिसरी वेळ क्वचित येते. पण ‘क्वचित’च्या भरवशावर मी बर्फीला पाठवणार नाही. अर्धे पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर ते गेले असं समजा, पण त्याच्या हातात बर्फीचा एकही मूळ कागद देऊ नका.

मग ऑगस्टचं काय? तुमच्या जागी मी असते तर मुलाची शाळा बघून ठरवलं असतं. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टी सप्टेंबरच्या मध्याला संपते, आणि जर्मनीत शाळा बुडवण्याचं प्रकरण आपल्यासारखं घरगुती नाही. मूल तिथे राहायला आलं की ते शाळेत असलंच पाहिजे. तेव्हा मुलाने ऑगस्टात बाबाबरोबर जावं आणि नव्या वर्गात पहिल्या दिवसापासून बसावं, हे बरं. त्याच राज्यात ऑक्टोबरअखेरीला शरदाची सुट्टी असते. त्या सुमारास तुम्ही एकट्या, किंवा मुलाला घेऊन, नाशिकला या आणि बर्फीला घेऊन जा. चिप, लस आणि रक्त हे सगळं तुम्ही इथे असतानाच जुलैपर्यंत उरकलेलं असेल. मधल्या तीन महिन्यांत बर्फीकडून कुणाला काहीच करून घ्यायचं नाही.

पण ‘आम्ही तिकडे जातो, ऑक्टोबरात कुणीतरी ओळखीचं येणारच आहे, त्यांच्याबरोबर पाठवून द्या’ असं करू नका. हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, कारण तो सोयीचा वाटतो. घरचा पाळीव प्राणी म्हणून सोप्या नियमांत जायचं तर कुत्रा मालकाबरोबर गेला पाहिजे. मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबरही चालतं, पण मग मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. तुम्ही ऑगस्टात आणि बर्फी ऑक्टोबरात कुणा तिसऱ्याबरोबर, म्हणजे तिच्यावर व्यापारी मालाचे नियम लागू होतात आणि ते निराळंच जंजाळ आहे. म्हणून आजच ठरवा, आणायला कोण येणार. त्याच व्यक्तीचं नाव चिपच्या नोंदीपासून शेवटच्या दाखल्यापर्यंत मालक म्हणून राहू दे, आणि स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच. पुस्तकात माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, हा घोळ आपल्याकडे हमखास होतो.

ऑक्टोबरातल्या त्या दोन आठवड्यांत धावपळ असेल ती दाखल्याची. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाचं अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस नावाचं खातं आहे, सगळे त्याला एक्यूसीएस म्हणतात. मुंबईत त्यांचं केंद्र आहे. लसीचे कागद, टायटरचा अहवाल, तुमच्या डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला, पासपोर्ट आणि तिकीट यांच्या प्रती घेऊन अर्ज करायचा. तिथले सरकारी पशुवैद्य बर्फीला बघतात आणि युरोपच्या नमुन्यातला आरोग्य दाखला सही-शिक्क्यानिशी देतात. ती सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत तुम्ही युरोपात पोचायला हवं. म्हणून हा दाखला फार आधी करून उपयोग नाही. आणि अगदी शेवटच्या दिवसावरही ठेवू नका, कारण सरकारी कार्यालय आहे आणि हे दिवस सणासुदीचे आहेत. कॅलेंडर उघडून दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या बघा, शनिवार-रविवार बघा, मग तिकिटाची तारीख ठरवा. उड्डाणाआधी तीन-चार कामाचे दिवस मोकळे ठेवून मुंबईत अर्ज करता आला तर मनाला स्वस्थता राहते.

या दाखल्याची भाषा हाही एक फसवा मुद्दा आहे. युरोपात तुम्ही पहिलं पाऊल ज्या देशात ठेवणार, त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत तो लागतो. थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला उतरणार असाल तर जर्मन-इंग्रजी. स्वस्तात मिळालं म्हणून पॅरिसमार्गे तिकीट काढलंत तर तपासणी पॅरिसला होईल आणि फ्रेंच लागेल. तिकीट बदललं की दाखला बदलतो, हे विसरू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न, जवळ बसवण्याचा. मुंबईहून युरोपला थेट जाणाऱ्या काही कंपन्या लहान कुत्रा केबिनमध्ये घेतात. लुफ्तान्सा आणि केएलएम या दोघांची मर्यादा पिशवीसकट आठ किलो आहे. बर्फी साडेपाच, चांगली मऊ पिशवी सव्वा ते दीड किलो, म्हणजे सातच्या घरात. मर्यादेत बसते. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर ती सासूबाईंकडे असणार आहे. तुमच्या सासूबाईंना मी ओळखत नाही, पण आजीच्या हातची तूप-पोळी मी ओळखते. दर पंधरा दिवसांनी वजन करून तुम्हाला कळवायचं, हे आधीच कबूल करून घ्या. चेक-इनच्या काट्यावर साडेआठ दिसलं तर ‘आमची आई लाड करते’ हे कारण चालत नाही.

आखाती कंपन्यांची तिकिटं स्वस्त दिसतील, पण एमिरेट्स आणि कतार केबिनमध्ये कुत्रा घेत नाहीत. बहिरी ससाण्याला काही मार्गांवर सीट मिळते, पॉमेरियनला नाही. ज्याचा त्याचा मान!

तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करा. एका उड्डाणात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात आणि तो कोटा भरला की भरला. आधी बर्फीची जागा पक्की, मग तुमचं पैसे भरणं. विमान प्रत्यक्षात कुठल्या कंपनीचं आहे तेही विचारा. तिकीट एका नावाचं आणि विमान दुसऱ्याचं असं असेल तर नियम विमानवाल्याचे लागतात. लुफ्तान्साच्या पिशवीचं माप ५५ × ४० × २३ सेंटिमीटरपर्यंत आहे, इतरांचं याहून लहान असू शकतं. बर्फीला तिच्यात उभं राहता आणि वळता यायला हवं, म्हणून पिशवी घेण्याआधी जमिनीपासून तिच्या डोक्यापर्यंतची उंची मोजा. आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बऱ्याचदा जरा मोठ्या अंगाचा स्पिट्झ असतो, आणि तिथे वजन बसतं पण उंची बसत नाही.

पिशवी आजच आणा. हा भाग लोक शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि मग कुत्रा नऊ तास रडतो. पहिले काही दिवस पिशवी नुसती जेवायच्या टेबलाखाली उघडी पडू द्या, आत तिची जुनी चादर, न धुतलेली. धुतलीत तर तिच्या लेखी ती परकी झाली. रोजच्या जेवणातला थोडा भाग आत ठेवा. ती स्वतःहून आत जाऊन लवंडायला लागली की चेन अर्धी लावा, लगेच उघडा. मग पूर्ण लावा, पण तुम्ही शेजारीच बसा. ती आत झोपली की पिशवी उचलून घरात एक चक्कर मारा. नंतर गाडीत ठेवून गंगापूर रोडवर एक फेरी. ती कुरकुरली तर लगेच बाहेर काढू नका, क्षणभर थांबली की काढा, नाहीतर कुरकुरलं की सुटका होते हे ती दोन दिवसांत शिकेल. हे काम तुम्ही जुलैअखेरपर्यंत पुरं करा आणि पुढे रोज दुपारची झोप पिशवीतच, एवढं सासूबाईंकडे सोपवा.

झोपेचं औषध मात्र नको. घरात गुंगी आलेला कुत्रा दिसायला शांत दिसतो. विमानात, हवेचा दाब कमी असताना, त्याच औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास उथळ होतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, आणि तुमच्या पायाशी बंद पिशवीत काय चाललंय ते तुम्हाला कळतही नाही. गुंगीत असलेला प्राणी बऱ्याच कंपन्या चेक-इनलाच नाकारतात. मेडिकलवाल्याकडून किंवा ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून काहीही आणू नका. बर्फी फारच घाबरट असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण जे काही द्यायचं ठरेल ते आधी घरी देऊन बघायचं, पहिला प्रयोग विमानात नको.

त्याऐवजी तिची श्वासनलिका तपासून घ्या. या जातीत वयाबरोबर श्वासनलिका ढिली पडते. खूप उत्साहात आली की बदकासारखा कोरडा, ओढलेला खोकला येतो का, ते आठवून बघा. येत असेल तर डॉक्टरांना सांगा, छातीचा एक्स-रे आणि हृदयाची तपासणी करून घ्या. आणि गळ्यातला पट्टा आजपासून काढून छातीचा हार्नेस घाला, ते तर खोकला नसला तरी करा.

युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या ते फायद्याचं आहे, एरवी ती झोपतेच त्या वेळी. नाशिकहून दुपारी निघा, कसाऱ्याचा घाट उजेडात उतरा. विमानाआधी पाच-सहा तास हलकं जेवण, पाणी थोडं थोडं देत राहा. टर्मिनलमध्ये शिरण्याआधी बाहेर तिला नीट फिरवा, घाई न करता. सुरक्षा तपासणीत तिला पिशवीतून बाहेर काढावं लागतं. पिशवी एक्स-रेमधून जाते आणि ती तुमच्या कडेवर. हार्नेस आणि दोरी घातलेलीच असू द्या, त्या गोंगाटात घाबरलेला कुत्रा हातातून निसटायला वेळ लागत नाही. विमानात पिशवी पूर्ण वेळ पुढच्या सीटखाली. पिशवीच्या तळाला शोषून घेणारे पॅड घाला, दोन जास्तीचे जवळ ठेवा. तुम्ही सारखी चेन उघडून ‘बाळा, काय होतंय’ करू नका. हे लिहून काही उपयोग नाही, तुम्ही करणारच, पण निदान कमी करा.

फ्रँकफर्टला सामान घेऊन हिरव्या वाटेने बाहेर पडू नका. लाल वाटेने कस्टम्सकडे जा आणि स्वतःहून सांगा की कुत्रा आहे. ते चिप स्कॅन करतात, कागद बघतात. कागद नीट असतील तर हे काम फार वेळ खात नाही. तिथून श्टुटगार्ट वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर आहे, आणि पिशवीतल्या लहान कुत्र्याला जर्मन रेल्वेत तिकीट लागत नाही. पोचल्यावर पालिकेत तिची नोंद करायची, तिथे कुत्र्यावर वर्षाचा कर असतो. स्थानिक पशुवैद्याकडून तिचा युरोपियन पेट पासपोर्ट करून घ्या. आणि जूनमध्ये दिलेल्या लसीची मुदत संपण्याच्या आत पुढची लस. ही साखळी अखंड राहिली तर आत्ताची टायटर टेस्ट तिला जन्मभर पुरते, एकदा तुटली की पुढच्या वेळी पुन्हा रक्तापासून सुरुवात. दरवर्षी दिवाळीला तिला भारतात आणण्याचा विचार मात्र मनात आणू नका. इकडे आणतानाही आधी परवानगी लागते, आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी तिला दोनदा त्या सीटखाली बसवण्यात अर्थ नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मात्र जरा शांतपणे विचार करा. बर्फी तेरा वर्षांची असती, हृदय मोठं झालेलं असतं किंवा ती चपट्या नाकाचा पग असती आणि सामानाच्या कप्प्यातून जाणार असती, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. तुमचा मुक्काम सहा महिन्यांचा असता, तरीही. म्हाताऱ्या कुत्र्याला ओळखीच्या अंगणात आणि ओळखीच्या माणसाजवळ ठेवून जाण्यात काही कमीपणा नाही. पण ही सहा वर्षांची आहे, तुम्ही तीन वर्षांसाठी चालला आहात, आणि तिचं सगळं आयुष्य तुमच्या मुलाबरोबर गेलंय. तब्येतीची तपासणी ठीक निघाली तर तिला न्या.

मुलाला हे असं सांगा की बर्फी येणार आहे, पण तिचे कागद मोठ्या माणसांपेक्षा जास्त आहेत, म्हणून ती नंतर येते. आजीला नीट बोलायचं, कारण पुढचे अडीच महिने बर्फीची पिशवीची शिकवणी आजीकडे आहे. एक्स-रेमध्ये किंवा हृदयात काही निघालं तर अहवाल मला पाठवा, मग पुन्हा बोलू. तोवर या शनिवारी आयएसओ चिप आहे का हे फोनवर विचारून दवाखाना गाठा, आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर आणि मुदतीसह, पुस्तकात लावून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.